डावं तीन, फरशी, बाहेरनं

आधीचे सहा महिने, कोल्हापूर

दादानं जिप्सी आणली तेव्हा घरात कुणाला काही विशेष वाटलं नाही. त्याचं शेतीपंपांचं दुकान, रोज कुणाच्या ना कुणाच्या विहिरीवर जाणं, तेव्हा जिप्सी कामाचीच गाडी. २००३ चं मॉडेल, गडहिंग्लजकडच्या एका ठेकेदारानं खडीच्या खाणीवर पिळून काढलेली. पण महिन्याभरात तिच्या मागच्या सीटा माडीवर आल्या, मग गालिचा आला, मग दारांची आतली कव्हरं आली, तेव्हा आईनं विचारलं, "ह्यो गाडी दुरुस्त कराय लागलाय का मोडाय लागलाय?"

रॅलीत, म्हणजे गाड्यांच्या शर्यतीत उतरायचंय, असं त्यानं रात्री जेवताना सांगितलं. आईला पटवायला त्याच्याकडं एकच मुद्दा होता: २०१९ मध्ये रॅलीचालक गौरव गिलला अर्जुन पुरस्कार मिळाला, मोटरस्पोर्टमधला पहिला, म्हणजे सरकारनंच हा खेळ मानलाय. आई म्हणाली, "मग सरकारच्या घरात जाऊन खेळ." आणि भाकरीचा तुकडा मोडता मोडता तो म्हणाला, "शेजारी ही बसंल."

ही म्हणजे मी. पतसंस्थेत हिशेब बघते. वेग, धूळ, इंजिनाचा आवाज यांपैकी कशाचीही मला ओढ नव्हती. दादाचं म्हणणं एवढंच की वही नीट लिहिणारं आणि वेळेला पक्कं असं आपल्यात दुसरं आहे कोण. तीस वर्षांत त्यानं माझं केलेलं हे पहिलं कौतुक, त्यामुळं मी फसले.

जिप्सीचं बरं असं की तिच्यात लपवाछपवी काही नाही. १२९८ सीसीचं सोळा व्हॉल्व्हचं इंजिन, ताकद ८० अश्वशक्तीच्या आसपास, पुढं-मागं दोन्हीकडं सरळ अ‍ॅक्सल आणि त्यावर पाटे. हो, टांग्याला लावायचे तसलेच पाटे. ऊस भरलेल्या ट्रॉलीचे पाटे रचणारा माणूस जिप्सीचेही रचू शकतो, आणि आमच्याकडं उद्यमनगरात असा माणूस हाक मारली की येतो. इंजिनाला आम्ही फारसा हात लावला नाही. शॉकअप बदलले, पाट्यांचे बुश नवे घातले, इंजिनाखाली जाड पत्र्याचं गार्ड टाकलं, ब्रेकची नळी दगड लागू नये म्हणून आतून ओढून घेतली.

खरं भांडण पिंजऱ्यावरून झालं. गाडी उलटली तर छत डोक्यावर बसू नये म्हणून आत पाइपांचा सांगाडा लागतो, तो रोल केज. त्याचे नियम मोटरस्पोर्टच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं बारीक अक्षरात लिहून ठेवलेत: डोक्यामागची मुख्य कमान ४५ मिलिमीटर व्यासाची, जाडी अडीच मिलिमीटर, पाइप जोड नसलेला, आणि वाकवायचा तो थंडच वाकवायचा. आमचे वेल्डिंगवाले मामा गेटं, जिने आणि ट्रॉल्या करणारे. त्यांनी पाइपात वाळू भरायला घेतली आणि गॅस पेटवला.

"मामा, तापवायचा न्हाय."

"न तापवता वाकीवला तर चिमटंल की."

"बेंडरवर वाकवायचा. वाकाची त्रिज्या व्यासाच्या तिप्पट तरी पायजे. लिवलंय."

मामांनी मी दाखवलेल्या कागदाकडं न बघता माझ्याकडं बघितलं. "तू कुठल्या कॉलेजात हाईस?" मी म्हटलं, पतसंस्थेत. त्यावर ते बराच वेळ काही बोलले नाहीत. पण दुसऱ्या दिवशी हायड्रॉलिक बेंडर असलेल्या आपल्या भाच्याकडं स्वतःच पाइप घेऊन गेले. पाय जिथं बसतात तिथं खाली तीन मिलिमीटरचा पत्रा, प्रत्येक पायाला तीन बोल्ट, बोल्टांच्या डोक्यावर ८.८ असा ताकदीचा छाप. तो छाप मी टॉर्च लावून एकेक करून वाचला. हिशेबाची सवय.

मग सीट आली, सहा पट्ट्यांचा पट्टा आला. नेव्हिगेटरची, म्हणजे चालकाला वळणं वाचून सांगणाऱ्याची, सीट एवढी खाली आणि मागं बसवतात की काचेतून मला आभाळ आणि बॉनेटची कड, एवढंच दिसायचं. मी तक्रार केली तर दादा म्हणाला, "तुला रस्ता बघायचाच न्हाई. तुला वही बघायचीय. वळण आलं का न्हाई ते बुडाला कळतंय." हे त्याचं वाक्य असभ्य असलं तरी तंतोतंत खरं निघालं.

जोतिबाच्या रस्त्यावर

वहीबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण पुढं सगळं तिच्यावरच येणार आहे.

स्पर्धेचा रस्ता आधी साध्या गाडीतून, साध्या वेगानं बघायला मिळतो. चालक बघून सांगतो, नेव्हिगेटर लिहितो. वळणाला आकडा: एक म्हणजे अगदी काटकोनी, सहा म्हणजे वळण असून नसल्यासारखं. दोन वळणांमधलं अंतर मीटरमध्ये. स्पर्धेच्या दिवशी नेव्हिगेटर ते वाचत जातो आणि चालक समोर दिसायच्या आधीच त्याप्रमाणं गाडी टाकतो. आम्ही रविवारी पहाटे जोतिबाच्या डोंगराच्या रस्त्यावर याचा सराव करायचो, वेग तीस-पस्तीसचा, पण हेल्मेट आणि इंटरकॉम घालून. दर्शनाला निघालेली माणसं थांबून बघायची.

भाषा मराठीच ठेवायची हे ठरलेलं होतं, कारण घाबरल्यावर दादाला इंग्रजी समजत नाही. डावं आणि उजवं कानाला छान वेगळे लागतात, त्याची अडचण नव्हती. अडचण आली ती आकड्यांची. इंटरकॉममधून, इंजिनाच्या आवाजात, वीस आणि तीस एकच. साठ, सात आणि आठ एकाच घरचे. दीडशे आणि अडीचशे यांतला सुरुवातीचा 'अ' धुळीत जायचा. मग आम्ही अंतरांची छाटणी केली: तीस, पन्नास, ऐंशी, शंभर, दोनशे. मधलं काही आलं तर जवळच्याला जोडून टाकायचं. पाटाच्या पाण्याच्या चारीला 'चारी' म्हटलं की दादाला वळणाचा 'चार' ऐकू यायचा, म्हणून तिला 'पाट' म्हणायचं.

सगळ्यात घातक शब्द निघाला 'कापू नको'. वळणाच्या आतल्या बाजूला दगड असेल तर चाक आत घालायचं नाही, यासाठीचा हा इशारा. पण मराठीत नकार शेवटी येतो. एकदा गाडी खड्ड्यात आपटली, माझा 'नको' घशातच राहिला, आणि दादाच्या कानात गेलं ते नुसतं 'कापू'. त्यानं कापलं. पुढच्या चाकाची रिम वाकली, सात हजारांचा मजकूर. त्या दिवसापासून 'कापू नको'च्या जागी 'बाहेरनं'.

१९५५ मध्ये इटलीतल्या मिल्ले मिल्या शर्यतीत स्टर्लिंग मॉसच्या शेजारी डेनिस जेन्किन्सन बसला होता. त्यानं रस्त्याच्या नोंदींची साडेपाच मीटर लांब गुंडाळी एका डबीत बसवली होती आणि ती फिरवत तो हातांच्या खुणांनी मॉसला वळणं सांगत होता. दहा तास सात मिनिटं अठ्ठेचाळीस सेकंद, सरासरी ताशी १५७ किलोमीटर, पहिला नंबर. मी हे वाचलं तेव्हा मला शर्यतीचं काही वाटलं नाही, त्या गुंडाळीचं वाटलं. गुंडाळीत पान उलटावं लागत नाही.

गुरुवार, कोल्हापूर ते नाशिक

रॅली नाशिकला. जिप्सी तिथवर चालवत न्यायची नाही, हे नक्की होतं. साडेचारशे किलोमीटर आवाज सहन करायचा आणि तिथं पोचल्यावर गाडी नीट हवी, दोन्ही जमत नाही. चौदा फुटी आयशर ठरवला. जिप्सीची लांबी तेरा फुटांच्या जरा वर, म्हणजे फाळका लागतो न लागतो. चढवायला धक्का, म्हणजे उंच ओटा हवा, तो आमच्या चुलत्यांच्या गुऱ्हाळाजवळ उसाच्या गाड्या भरायला केलेला होता. आयशर मागं लावला, दोन फळ्या टाकल्या, दादानं एका दमात गाडी वर घेतली. गुऱ्हाळावरची माणसं काहिली सोडून बघायला आली होती. निघताना चुलत्यांनी काकवीचा पाच किलोचा डबा माझ्या मांडीवर ठेवला. "तिकडं काय मिळतंय खायला."

हा डबा लक्षात ठेवा.

दादा, मिस्त्री, मिस्त्रींचं पोरगं आणि मी असे चौघं मागून जुन्या वॅगनारमधून. खंबाटकीला गर्दी, पुण्यात गर्दी, चाकणला तर विचारूच नका. नारायणगावला टोमॅटोच्या क्रेटांनी भरलेल्या गाड्यांच्या मागं अर्धा तास. चंदनापुरी घाट उतरून संगमनेरला चहा घेतला तेव्हा अंधार पडला होता. मिस्त्री वाटभर एकच वाक्य बोलले: "पुढच्या डाव्या पाट्याचा आवाज मला पटंना." तो आवाज त्यांच्याशिवाय कुणालाही आला नव्हता.

शुक्रवार, नाशिक आणि सिन्नर

सकाळी मिसळ. याविषयी कोल्हापूरच्या माणसानं नाशकात बसून लिहू नये, पण पापड आणि दही शेजारी दिलं म्हणजे रस्सा तिखट नाही अशी कबुलीच झाली, एवढं म्हणून पुढं जाते. दादानं दोन खाल्ल्या.

मग कागद. मोटरस्पोर्ट फेडरेशनचं लायसन, वैद्यकीय दाखला, विमा, रक्तगट. टेबलामागचे स्वयंसेवक दादाला म्हणाले, "तुमचा नेव्हिगेटर कुठंय? त्याची सही लागेल." मी सही केली. ते जरा ओशाळले आणि मला चहा दिला. १९८१ मध्ये मिशेल मूतोंनं सान्रेमो रॅली जिंकली तेव्हा तिच्या शेजारी फाब्रित्सिया पोन्स वाचत होती. दोघीही बाया, हे त्यांना सांगावंसं वाटलं, पण चहा चांगला होता.

दुपारभर रस्त्याची पाहणी. सिन्नर तालुक्यातल्या माळावरचे दोन रस्ते, प्रत्येक दोनदा बघायची परवानगी. तेच दोन रस्ते शनिवारी दोन-दोनदा आणि रविवारी उलट्या दिशेनं दोन-दोनदा पळायचे. पहिला सगळा मुरूम, उघडाबोडका, लांबच लांब. दुसरा मला तेव्हाच आवडला नव्हता: वस्त्यांमधून, बांधांना चिकटून, कांद्याच्या वाफ्यांच्या कडेकडेनं जाणारा. त्याच्या मध्यावर एक छोटा उंचवटा. पलीकडचं काही दिसत नाही. चढून वर येईपर्यंत ऐंशी मीटर, लगेच डावं वळण, आणि वळणातच ओढ्यावरची फरशी, म्हणजे बुटका पूल. फरशीच्या आतल्या कडेला सिमेंटचा दगड. अलीकडं शेंदूर फासलेला म्हसोबा.

दादा म्हणाला, "लिही. उंचवटा, डावं तीन, फरशी, बाहेरनं."

मी लिहिलं. दुसऱ्या फेरीत वाचलं. बरोबर बसलं.

संध्याकाळी गाडीची तपासणी. दोन तपासनीस पिंजऱ्याच्या प्रत्येक जोडावर टिचकी मारत फिरले. अग्निशामक हाताशी आहे का, पट्टा कापायच्या सुऱ्या दोन आहेत का, बाहेरून बंद करायचा स्विच चालतो का, ओके-एसओएसचा फलक आहे का. फलकाच्या एका बाजूला हिरवं ओके, दुसऱ्या बाजूला लाल एसओएस. अपघात झाला आणि कुणाला लागलेलं नसलं तर मागच्या गाडीला हिरवी बाजू दाखवायची, म्हणजे ती थांबत नाही. एकानं पिंजऱ्याच्या वाकांवर बोट फिरवलं आणि विचारलं, कुठं केलं? दादा म्हणाला, कोल्हापुरात, गेटं करणाऱ्यांकडं. ते म्हणाले, "छान केलंय." दादानं तिथूनच वेल्डिंगमामांना फोन लावला.

रात्री लॉजवर मी दोन्ही रस्त्यांच्या नोंदी नव्या वहीत सुवाच्य उतरवल्या. पानाच्या एकाच बाजूला, एका पानावर आठ ओळी, वर पान क्रमांक. साडेबारा वाजले. पलीकडच्या पलंगावरून दादा म्हणाला, "झोप की." मी म्हटलं, "तू झोप." नंतर बराच वेळ दोघंही जागेच होतो.

शनिवार

वेळेच्या बाबतीत हा खेळ आपल्या लोकांना उलटा वाटेल. प्रत्येक चौकीवर हजेरीचं मिनिट ठरलेलं असतं. उशीर झाला तर मिनिटाला दहा सेकंद दंड, लवकर गेलात तर मिनिटाला साठ. लवकर येणाऱ्याला सहापट शिक्षा! पहिल्या चौकीच्या पिवळ्या फलकाशी पोचलो तेव्हा आमचं मिनिट लागायला तीन मिनिटं होती. पुढं मोकळं होतं, दादाचा पाय शिवशिवत होता. मी हँडब्रेकवर हात ठेवून घड्याळाकडं बघत बसले. लहानपणापासून सिनेमाला, लग्नाला, एसटीला हाच मला "आवर, आवर" म्हणून ओरडत आलाय. "थांब," मी म्हटलं. तो थांबला. एवढ्यासाठीसुद्धा मी पुन्हा रॅलीला येईन.

धूळ बसावी म्हणून दर दोन मिनिटांनी एक गाडी सोडत होते. आमच्या आधीची गेली आणि माळावर फुफाट्याची भिंत उभी राहिली. ती पुरती खाली बसलीच नाही. मार्शलनं खिडकीतून बोटं दाखवली, पाच, चार, तीन, दोन, एक.

पहिल्या स्टेजबद्दल, म्हणजे घड्याळ लावून पळायच्या पहिल्या टप्प्याबद्दल, मला आठवतो तो फक्त माझाच आवाज. पतसंस्थेत थकबाकीदारांची यादी वाचताना लागतो तसला, सपाट. जिप्सीचं मागचं टोक पाट्यांवर उड्या मारत होतं, दात एकमेकांवर आपटत होते, पण ओळ सुटली नाही. शेवटच्या लाल फलकाला थांबलो, कार्डावर वेळ लिहून घेतली, आणि दादा हेल्मेटच्या आतून म्हणाला, "तू श्वास घेत व्हतीस का न्हाई?" मला आठवेना.

दुसरी स्टेजही नीट गेली. उंचवटा, डावं तीन, फरशी, बाहेरनं: दादानं चाक दगडापासून हातभर लांब ठेवलं. म्हसोबाजवळ पोरं ओरडत उभी होती. तिसरीपर्यंत आमच्या वर्गातल्या अकरा जिप्सींमध्ये आम्ही पाचवे होतो. पाचवे! मिस्त्री हे ऐकून म्हणाले, "पुढचा डावा पाटा बघू द्या."

तीस मिनिटं सर्व्हिसची. ते गाडीखाली, दादा टायरपाशी, आणि मी सावलीत बसून चपातीला काकवी लावून खाल्ली. सकाळपासून पोटात काही नव्हतं. तीन खाल्ल्या. बोटं चाटली, आगरोधक सूटला पुसली. नेव्हिगेटरला हातमोज्यांची सक्ती नसते, ही सोय मला तेव्हा फार थोर वाटली होती. तेवढ्यात दादा म्हणाला, दुसऱ्या रस्त्यावर वस्तीपाशी एक दगड वर आलाय, ते लिहून ठेव. मी वही काढली, सातवं पान उघडलं, अंगठा कडेला दाबून धरला, 'आत दगड' असं लिहिलं आणि वही मिटली.

चौथी स्टेज म्हणजे दुसराच रस्ता पुन्हा. सातव्या पानाची शेवटची ओळ वाचली आणि पान उलटलं. पुढची ओळ होती 'उंचवटा, उजवं पाच, शंभर'. मी वाचली.

पानाच्या वरच्या कोपऱ्यातला आकडा नऊ होता. तो मला दिसला, पण त्याचा अर्थ लागायला जेवढा वेळ लागला तेवढ्यात गाडी उंचवट्यावरून हवेत होती. आठवं पान सातव्याच्या पाठीला काकवीनं चिकटलेलं.

दादानं गाडी उजवीकडं टाकली होती. समोर रस्ता डावीकडं गेला. त्यानं काय काय केलं ते मला माहीत नाही, मी वहीकडं बघत होते. फरशीचा दगड माझ्या बाजूनं खरडत गेला, गाडी बांधावरून खाली गेली, एकदा आपटली आणि मग अचानक सगळं मऊ झालं. इंजिन बंद. काचेवर चिखल. धूळ नाही, चिखल! मी आधी म्हणाले काय, तर "सॉरी, पान चिकटलं."

दादा म्हणाला, "लागलं का?"

"न्हाई."

"मग फलक."

पट्टा सोडून मी बाहेर उडी मारली ती पोटरीपर्यंत रुतले. कांद्याचा वाफा होता, नुकतं रोप लावलेलं, आदल्या रात्रीच पाणी दिलेलं. शेतीची वीज रात्री येते तर पाणी रात्रीच देणार. धोक्याचा त्रिकोण घेऊन रस्त्यावर आले, पन्नास पावलं मागं पळत जाऊन तो ठेवला, आणि हिरवी बाजू छातीशी धरून उभी राहिले. पुढच्या जिप्सीच्या नेव्हिगेटरनं अंगठा दाखवला आणि ती गेली. माझ्या पायांत चप्पल, आपलं, बूट एकच होता.

दादानं पुढचे हब लॉक केले होतेच, म्हणजे पुढच्या चाकांनाही ताकद मिळते, लो गिअर टाकला, चारही चाकं जागच्या जागी फिरली आणि गाडी आणखी वीतभर खाली गेली. म्हसोबाची पोरं धावत आली. त्यांच्यामागं एक मावशी, डोक्याला पदर, हातात खुरपं. आम्ही काही बोलायच्या आत त्या पोरांना म्हणाल्या, "आधी ढकला, मंग बघते यांच्याकडं." मका कापलेली ताटं होती कडेला, ती चाकांखाली घातली. दहा-बारा जणांनी रेटली. गाडी वर आली तेव्हा दोन वाफे गेले होते, नांगरल्यासारखे.

साडेचार मिनिटं. दादानं मावशींना हात जोडले, "सोमवारी येतो." त्या म्हणाल्या, "सगळे असंच म्हणतात."

उरलेलं अंतर मी एकेक पान बोटानं सोलत वाचलं. आवाज कापत होता. शेवटच्या चौकीनंतर गाडी बाजूला घेतली, हेल्मेट काढलं. दादा ओरडेल याची मी वाट बघत होते. ओरडणं मला चाललं असतं.

तो म्हणाला, "मला वाटलं व्हतं हितं फरशी हाय. सकाळी गेलोय की हितनंच."

"मग?"

"मग काय. तू उजवं म्हणालीस."

मी दाराकडं तोंड करून बराच वेळ बूट शोधला. एकच होता, तो पायातच होता.

रविवार

रविवारचं फार सांगण्यासारखं नाही, आणि रॅलीत असा दिवस म्हणजे चांगला दिवस. पहाटे वहीचं प्रत्येक पान पुसलं, कोपरे कापून पायऱ्या केल्या, म्हणजे एका वेळी एकच पान बोटाला लागतं. (हे आधी का सुचलं नाही, असं मिस्त्रींच्या पोरानं विचारलं. त्याला काकवी दिली नाही.) बूट एका नाशिककर नेव्हिगेटरनं दिले, दोन नंबर मोठे, पुढं कागद कोंबला.

सहाव्या स्टेजला पुढच्या डाव्या पाट्याचं मुख्य पान तुटलं. मिस्त्रींच्या चेहऱ्यावर एवढं समाधान मी कधी बघितलं नव्हतं. त्यांनी सुटा पाटा कोल्हापुरातूनच आणला होता, कुणाला न सांगता. अठ्ठावीस मिनिटांत बसवला. मी घड्याळ धरून उभी होते, तिसाव्या मिनिटाला आम्ही बाहेर.

अकरांपैकी आठ गाड्या शेवटापर्यंत आल्या. आम्ही सातवे. आठव्याचं दोनदा टायर फुटलं होतं. व्यासपीठावर वरच्या तिघांनाच बोलावतात, पण पूर्ण केल्याचं एक छोटं पदक सगळ्यांना होतं. दादानं दोन्ही पदकं खिशात टाकली आणि आईला फोन लावून सांगितलं, "सातवा नंबर." आठातला हे सांगितलं नाही.

सोमवार, परतीच्या वाटेवर

आयशर पुढं पाठवला आणि वॅगनार माळाकडं वळवली. मावशी वाफ्यातच होत्या, गेलेल्या जागी नवं रोप लावत. दादानं पैसे पुढं केले. त्यांनी मोजले, रोपाचे आणि दोन मजुरांचे ठेवून घेतले, उरलेले परत दिले. मी काकवीचा डबा दिला. झाकण उघडून त्यांनी वास घेतला.

मग बोलता बोलता पंपाचा विषय निघाला, दादाबरोबर असलं की तो निघतोच. विहिरीवरचा पंप दर वेळी हवा धरतो, वरून चार बादल्या पाणी ओतल्याशिवाय उचलत नाही, आणि हे सगळं रात्री दोनला बॅटरी धरून. दादा विहिरीत डोकावला. "फूटव्हॉल्व्ह गळतोय मावशी." त्यानं आणि मिस्त्रींनी पाइप वर ओढला. पाइपाच्या तळाशी पाणी धरून ठेवणाऱ्या त्या झडपेतलं चामडं झिजून कागद झालं होतं. जिप्सीच्या सुट्या भागांच्या पेटीत रबराचा जाड पत्रा होता, तो मापानं कापला. पाऊण तास गेला. दिवसा वीज नव्हती, म्हणून पाइप पाण्यानं भरून ठेवला आणि चहा होईपर्यंत पाणी उतरतंय का ते बघत सगळे काठावर उभे राहिलो. उतरलं नाही.

मावशी मला न्याहाळत होत्या. "गाडीत ते वाचत होती ती तूच का?"

"हो."

"काय वाचती एवढं?"

मी वही आणली, आठवं पान उघडून दाखवलं. कडेला अजून तपकिरी डाग होता. त्यांनी पदराला हात पुसले, वही घेतली, आणि बोट ठेवून एकेक अक्षर लावत मोठ्यानं वाचलं, "उंचवटा... डावं तीन... फरशी... बाहेरनं." मग उंचवट्याकडं बघितलं, फरशीकडं बघितलं.

"बरोबर तर लिहिलंय," त्या म्हणाल्या, आणि वही परत दिली.